शेणखत आणि गोणीतले खत : एका जुन्या वादाचा इतिहास

गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामांतून सेंद्रिय शेतीची चर्चा वाढली आहे. तरुण मंडळी शिबिरांना जातात, महिला मंडळे गांडूळखताचे प्रकल्प हाती घेतात, आणि प्रवचनातही आता मातीचा विषय निघतो. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु या चर्चेत बहुधा दोनच सूर ऐकू येतात. रासायनिक खत म्हणजे विष, आपले वाडवडील करीत होते तीच शेती खरी, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष उत्तर देतो की, शेणखतावर देश जगला असता तर परदेशी गव्हाच्या बोटींची वाट पाहण्याची पाळी आपल्यावर आली नसती. दोन्ही बाजूंना आपल्या म्हणण्याची खात्री आहे, आणि दोन्ही बाजूंजवळ आकडे मात्र क्वचितच असतात.

वास्तविक हा वाद आजचा नाही. त्याला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि या काळात काही माणसांनी अत्यंत चिकाटीने वजने, मापे आणि नोंदी ठेवल्या आहेत. त्या नोंदी काय सांगतात हे पाहिल्यावाचून पक्ष घेणे म्हणजे साक्षीदार न ऐकता निवाडा देणे होय. म्हणून या लेखात आम्ही त्या साक्षी क्रमाने मांडू इच्छितो. शेती टिकाऊ आहे असे केव्हा म्हणावे? आमच्या मते त्यासाठी तीन प्रश्न विचारावे लागतात. माती टिकते का? खाणाऱ्याचे पोट भरते का? आणि कसणाऱ्याचा संसार चालतो का? यांपैकी एकच प्रश्न विचारला तर उत्तर सोपे मिळते, पण ते अपुरे असते.

ब्रॉडबाल्कचे शेत

या इतिहासाचा आरंभ जर्मनीत आणि इंग्लंडात झाला. १८४० साली युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. वनस्पती ह्यूमस खाऊन वाढतात हा तोपर्यंतचा समज त्याने खोडून काढला. पिकाला जमिनीतून खनिज द्रव्ये लागतात, आणि जे द्रव्य सर्वांत कमी असेल तेच पिकाची मर्यादा ठरवते, हा विचार त्याने रूढ केला. त्या काळी ही फार मोठी क्रांती होती. जमिनीतून काढलेली द्रव्ये परत केली पाहिजेत, नाहीतर ती शेती नव्हे, लूट होय, असेही पुढे त्यानेच बजावले. रासायनिक खतांचा जनक म्हणून ज्याला ओळखले जाते त्यानेच हे सांगावे, ही गोष्ट आज दोन्ही पक्ष विसरतात.

इंग्लंडात हार्टफर्डशायर परगण्यात रॉथॅमस्टेड नावाची जहागीर होती. तिचे मालक जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ साली सुपरफॉस्फेट खताचे पेटंट घेतले आणि १८४३ साली लीबिगच्याच प्रयोगशाळेत शिकलेल्या जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांना सोबतीला घेतले. या दोघांनी सत्तावन्न वर्षे एकत्र काम केले. १८४३ च्या शरद ऋतूत त्यांनी ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गहू पेरला. शेताचे लांब पट्टे पाडले. एका पट्ट्याला काहीच खत द्यायचे नाही, एकाला दरवर्षी हेक्टरी सुमारे ३५ टन शेणखत, आणि इतरांना वेगवेगळ्या प्रमाणात रासायनिक खते, अशी योजना होती. हा प्रयोग आजही चालू आहे. जगातील सर्वांत दीर्घकाळ चाललेल्या शेतीप्रयोगांत त्याची गणना होते, आणि तेथील मातीचे व धान्याचे जुने नमुने अजून बाटल्यांतून जपून ठेवलेले आहेत.

या शेताने काय सांगितले? पहिली गोष्ट अशी की, काहीही न दिलेला पट्टा मेला नाही. तो हेक्टरी सुमारे एक टन गहू देत राहिला, पण त्याहून अधिक दिले नाही. दुसरी गोष्ट, पुरेसे रासायनिक खत दिलेला पट्टा आणि शेणखताचा पट्टा यांचे उत्पन्न शंभर वर्षांहून अधिक काळ जवळजवळ बरोबरीचे राहिले. रासायनिक खताने जमीन काही वर्षांत नापीक होते, हे विधान निदान या शेताने खरे ठरवले नाही. तिसरी गोष्ट दुसऱ्या पक्षाने ऐकण्याजोगी आहे. शेणखताच्या पट्ट्यातील सेंद्रिय कर्ब बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक झाला. ती माती भुसभुशीत झाली, पाणी धरू लागली. १९६८ नंतर बुटक्या जातींचा गहू तेथे आला, तेव्हा सर्वाधिक पीक नुसत्या गोणीच्या खताने किंवा नुसत्या शेणखताने आले नाही. शेणखताने सुधारलेल्या मातीत थोडा जास्तीचा नायट्रोजन दिला तेव्हा ते आले.

आणखी एक साक्ष जमिनीखालून आली. १८४९ साली लॉज यांनी प्रत्येक पट्ट्याखाली मातीचे नळ बसवून पाझरणारे पाणी बाहेर काढले होते. पुढे १८६०च्या दशकात ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाने त्या पाण्याचे पृथक्करण केले. खत जितके जास्त, तितके अधिक नायट्रेट पाण्यातून वाहून जात होते. शेणखताचा पट्टाही या दोषातून सुटला नाही, कारण शेणखत पिकाची भूक पाहून कुजत नाही. शेत रिकामे असतानाही त्यातून नायट्रोजन सुटत राहतो. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट उतरण्याचा प्रश्न आपण आधुनिक समजतो. त्याची पहिली सूचना दीडशे वर्षांपूर्वीच मिळालेली होती.

येथे एक हिशेब मांडणे अगत्याचे आहे. हेक्टरी ३५ टन शेणखत आणायचे कोठून? एक जनावर दिवसाला सुमारे १० किलो शेण देते असे धरले, तर वर्षाला साडेतीन टन ओले शेण होते. म्हणजे एका हेक्टरसाठी निदान दहा जनावरे हवीत, आणि त्या जनावरांचा चारा दुसऱ्या जमिनीवर पिकलेला असणार. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत सुमारे २० किलो नायट्रोजन असतो. तेवढा नायट्रोजन साध्या शेणखतातून हवा असेल तर चार टन खत लागेल. त्यासाठी बैलगाडीच्या आठ-दहा खेपा कराव्या लागतील. ज्या घरात आता दावणीला एकही जनावर उरलेले नाही, त्या घराला शेणखताचा उपदेश करणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

हिंदुस्थानची साक्ष

ज्या ऑगस्टस व्होल्कर यांनी ब्रॉडबाल्कचे पाणी तपासले, त्यांचे चिरंजीव जॉन ऑगस्टस व्होल्कर यांना १८८९ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील शेतीची पाहणी करण्यासाठी पाठविले. त्यांचा अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. येथील शेतकरी अडाणी आहे, त्याला शिकवले पाहिजे, अशी त्यावेळच्या अधिकाऱ्यांची समजूत होती. व्होल्कर यांनी ती मान्य केली नाही. आपला कुणबी काळजीने, कष्टाने आणि समजून शेती करतो, त्याची अडचण अज्ञानाची नसून साधनांची आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्याकडील भाताच्या राबाची पद्धतही त्यांनी बारकाईने पाहिली. शेण जाळले जाते याचे कारण आळस नव्हे. सरपणाला लाकूड नाही म्हणून गोवऱ्या थापाव्या लागतात, हे त्यांनी ओळखले. जंगल गेले की शेण चुलीत जाते, आणि शेण चुलीत गेले की शेत उपाशी राहते. मातीचा प्रश्न हा गरिबीचाही प्रश्न आहे हे या अहवालातून दिसते.

त्यानंतर आले अल्बर्ट हॉवर्ड. १९०५ साली बिहारमधील पुसा येथील संस्थेत ते वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल या स्वतः नामांकित शास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून गव्हाच्या सुधारित जाती काढल्या. १९२४ साली होळकरांच्या इंदूर संस्थानात, दरबारने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर त्यांनी वनस्पती-उद्योग संस्था उभारली. पुष्कळांना ठाऊक नसेल की, आज जगभर सेंद्रिय शेतीचा पाया म्हणून जिचे नाव घेतले जाते ती ‘इंदूर पद्धत’ या मराठी दरबाराच्या भूमीत जन्मली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड या सहकाऱ्याचेही नाव आहे.

पद्धत साधी होती. कपाशीच्या पऱ्हाट्या, गवत, पालापाचोळा असा शेतातला सगळा काडीकचरा गोळा करायचा. तो गोठ्यात जनावरांच्या पायाखाली अंथरायचा. मूत्र मुरलेली गोठ्यातील माती, शेण आणि चुलीतील राख यांच्याबरोबर त्याचे थर खड्ड्यात द्यायचे. ओल राखायची आणि ठरावीक दिवसांनी तीनदा उलथापालथ करायची. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते. चीनमधील शेतकरी शतकानुशतके असेच करीत आले आहेत, हे हॉवर्ड यांनी एफ. एच. किंग या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९११ सालच्या पुस्तकातून जाणले होते, आणि आपल्या शेतकऱ्यांकडूनही ते शिकले होते. १९३५ साली गांधीजींनी इंदूरला ही संस्था पाहिली आणि पुढे ‘हरिजन’मधून या खताचा प्रचार केला.

हॉवर्ड यांचा मोठेपणा निःसंशय आहे. माती ही निर्जीव पेटी नसून सजीव आहे, असे त्यांनी त्या काळातील रसायनशास्त्राला ठासून सांगितले. १९४० सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी रॉथॅमस्टेडच्या पद्धतीवर कठोर टीका केली. तथापि इतिहास लिहिताना दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. निरोगी मातीतल्या चाऱ्यावर वाढलेल्या आपल्या बैलांना शेजारच्या आजारी जनावरांकडून लाळ-खुरकतीची लागण झाली नाही, असे ते सांगत. यावरून त्यांनी काढलेले निष्कर्ष प्रयोगाने सिद्ध झालेले नाहीत. श्रद्धेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आम्हांला याची विशेष जाणीव असावी लागते. चांगल्या गोष्टीचे समर्थन दुबळ्या पुराव्याने करू नये, कारण पुरावा कोसळला की लोक चांगली गोष्टही टाकून देतात.

हवेतून आलेली भाकर

इकडे युरोपात वेगळीच चिंता होती. पेरूच्या बेटांवरील पक्ष्यांची विष्ठा आणि चिलीमधील सोरा यांवर युरोपची शेती अवलंबून होती, आणि हे साठे संपणारे होते. १८९८ साली ब्रिस्टल येथे सर विल्यम क्रुक्स यांनी शास्त्रज्ञांच्या सभेत इशारा दिला की, हवेतील नायट्रोजन बांधण्याची युक्ती सापडली नाही तर गहू खाणाऱ्या राष्ट्रांवर उपासमार येईल. १९०९ साली फ्रिट्झ हाबर यांनी ती युक्ती प्रयोगशाळेत करून दाखविली, कार्ल बॉश यांनी ती कारखान्यात आणली, आणि १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे अमोनियाचे उत्पादन सुरू झाले. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि तोच अमोनिया स्फोटकांसाठी वापरला गेला. १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर विषारी वायूचा वापर झाला, त्यामागेही हाबर हेच होते. आणि १९१८ सालचे नोबेल पारितोषिकही त्यांनाच मिळाले. मनुष्याच्या बुद्धीचे दान कसे दुधारी असते याचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

आज जगातील जवळजवळ निम्म्या लोकांचे अन्न या कृत्रिम नायट्रोजनावर उभे आहे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्या देशात १९५१ साली सिंद्रीच्या कारखान्यात खताचे उत्पादन सुरू झाले. त्यावेळी सबंध देशाचा रासायनिक खतांचा वापर, त्यांतील अन्नद्रव्यांच्या मापाने, सुमारे ७० हजार टन होता. आज तो सुमारे ३ कोटी टनांच्या घरात आहे. मधल्या काळात १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे दुष्काळ पडला. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. त्याच वर्षी मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आले. नॉर्मन बोरलॉग यांनी तयार केलेल्या या बुटक्या जाती खत पचवू शकत होत्या. मंत्री चिदंबरम सुब्रमण्यम आणि शास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांनी ही मोहीम नेटाने चालविली. १९६४-६५ साली देशात सुमारे १ कोटी २० लाख टन गहू पिकला होता. १९७०-७१ साली तो सुमारे २ कोटी ४० लाख टन झाला. सहा वर्षांत दुप्पट! मिलोच्या भाकरी ज्यांनी रेशनवर रांगा लावून खाल्ल्या, त्या पिढीला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. भुकेल्याला अन्न देणे हे प्रभूने स्वतःला दिल्यासारखे मानले आहे. तेव्हा हरितक्रांतीला नुसती शिवी देणे आम्हांला उचित वाटत नाही.

परंतु तिचे बिल नंतर आले. पंजाब-हरयाणात पाण्याची पातळी खोल गेली. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात कीटकनाशकाच्या कारखान्यातून सुटलेल्या वायूने हजारो माणसे मारली. केरळातील कासरगोड भागात काजूच्या मळ्यांवर सुमारे दोन दशके हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. तेथील बालकांनी त्याची किंमत दिली, आणि अखेर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर बंदी घातली. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. यातले बहुतेक स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या शेतात मजुरीने फवारत होते. खताचा आणि विषाचा प्रश्न वेगवेगळा आहे हे खरे. पण शेतकऱ्याच्या दारात दोन्ही एकाच दुकानातून, एकाच उधारीवर येतात.

राज्यकर्त्यांच्या धोरणानेही मातीचा तोल बिघडला. १९९२ च्या ऑगस्टमध्ये स्फुरद आणि पालाश या खतांवरील किमतीचे नियंत्रण उठले, युरियावरील मात्र राहिले. साहजिकच शेतकऱ्याने स्वस्त युरिया अधिक टाकला. पीक हिरवेगार दिसते, पण अशक्त राहते, किडीला बळी पडते, आणि मग फवारणी वाढते. १९७० पासून भारतीय कृषी संशोधन परिषदेने देशभर दीर्घकालीन खतप्रयोग चालविले आहेत. पुढे महाराष्ट्रात अकोला आणि परभणी येथेही ते सुरू झाले. त्यांचा सांगावा ब्रॉडबाल्कसारखाच आहे. नुसत्या नायट्रोजनावर उत्पन्न हळूहळू घसरते, आणि संतुलित रासायनिक खताला शेणखताची जोड दिली तर ते सर्वाधिक टिकते.

अलीकडच्या तीन साक्षी

स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ थेरविल या गावी १९७८ पासून दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या जात आहेत. पहिल्या एकवीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. सेंद्रिय शेतात पीक सरासरी २० टक्के कमी आले. पण तेथे खत आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्के कमी लागली, आणि कीटकनाशके ९७ टक्के कमी. गांडुळे अधिक होती, माती अधिक जिवंत होती. पुढे २०१२ साली जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित अभ्यास झाला. त्यातही सेंद्रिय पिकातील घट परिस्थितीप्रमाणे ५ ते ३४ टक्के आढळली. फळझाडांत आणि कडधान्य-तेलबियांत ती कमी, तृणधान्यांत व भाजीपाल्यात जास्त. याचा अर्थ आपल्या बागायतीने एक उत्तर द्यावे आणि भातखाचराने दुसरे, हे अगदी शक्य आहे. आपल्याच किनारपट्टीवर, उंबरगावजवळच्या देहरी गावी भास्कर सावे यांनी चिकू आणि नारळाची बाग दशकानुदशके नैसर्गिक पद्धतीने फुलवून दाखविली. ती फळबाग होती हे लक्षात ठेवले पाहिजे.

दुसरी साक्ष सिक्कीमची. २००३ साली त्या राज्याने निश्चय केला, आणि २०१६ च्या जानेवारीत सुमारे ७५ हजार हेक्टर जमीन सेंद्रिय झाल्याची घोषणा झाली. हे काम तेरा वर्षांत, टप्प्याटप्प्याने झाले. डोंगराळ प्रदेश, मुळातच कमी खत वापरणारा शेतकरी आणि वेलची-आल्यासारखी नगदी पिके, ही त्याची अनुकूलता होती. तांदूळ मात्र आजही तेथे पुष्कळसा बाहेरूनच येतो.

तिसरी साक्ष श्रीलंकेची, आणि ती दुःखद आहे. २०२१ साली तेथील सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. हेतू थोर सांगितला गेला, परंतु परकीय चलनाची टंचाई हेही त्यामागचे कारण होते. पुरेसे कंपोस्ट नव्हते, शेतकऱ्याला शिकवायला वेळ दिला नव्हता. भाताचे पीक कोसळले, चहालाही झळ पोहोचली, स्वयंपूर्ण देशाला तांदूळ आयात करावा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. पुढील वर्षी जे आर्थिक संकट भडकले त्याची कारणे अनेक होती, पण हे त्यातील एक होते. या घटनेवरून सेंद्रिय शेती खोटी ठरत नाही. मातीला घाई चालत नाही, आणि हुकमाने ती सुधारत नाही, एवढे मात्र ठरते.

आपल्या श्रद्धेचा कौल

जुन्या करारात लेवीयच्या पुस्तकातील पंचविसावा अध्याय सांगतो की, सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती द्यावी. निर्गमच्या पुस्तकात त्याच आज्ञेचे कारण दिले आहे : त्या वर्षी आपोआप उगवेल ते गरिबांसाठी आणि रानातल्या पशूंसाठी असावे. जमिनीचा शब्बाथ आणि गरिबाचा घास एकाच आज्ञेत बांधलेले आहेत, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातही मनुष्याला बागेची मशागत करण्याचे आणि राखण करण्याचे अशी दोन कामे दिली आहेत. पोपमहोदय दुसरे जॉन पॉल यांनी १९९० च्या शांतिदिनाच्या संदेशात पर्यावरणाचा प्रश्न हा नैतिक प्रश्न असल्याचे सांगितले. पोपमहोदय फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात धरणीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगवेगळे ऐकता येत नाहीत, ही शिकवण विस्ताराने मांडली.

या कसोटीवर दोन्ही पक्षांना प्रश्न विचारावे लागतात. गोणीचे खत नैसर्गिक वायूपासून बनते. पालाश आपण जवळजवळ सर्व बाहेरून आणतो, स्फुरदाचा दगडही पुष्कळसा आयात होतो. जास्तीच्या नायट्रोजनातून निघणारा नायट्रस ऑक्साइड वायू कर्बवायूच्या सुमारे पावणेतीनशे पट उष्णता धरतो. नातवंडांच्या वाट्याचे आपण आज खर्च करीत आहोत, हे सत्य अनुदानाने झाकत नाही. आणि सेंद्रिय शेतीचा पुरस्कार करणाऱ्यांनाही विचारले पाहिजे : तण काढायला अधिक हात लागतात, ते बहुधा स्त्रियांचे असतात, त्यांच्या मजुरीचे काय? प्रमाणपत्र मिळेपर्यंतच्या दोन-तीन वर्षांत पीक घटते आणि जादा भाव मिळत नाही. तो तोटा कोणी सोसायचा? शहरातील सुखवस्तू ग्राहकाने महागडा तांदूळ घेतला म्हणून गरिबाची थाळी भरते काय?

या बाबतीत आपल्या प्रांतातील एका धर्मगुरूचे काम आम्हांला मार्गदर्शक वाटते. स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या दुष्काळी टापूत सेंद्रिय की रासायनिक या वादापासून आरंभ केला नाही. डोंगरावरची माती वाहून जाणे थांबवा, पाणी अडवा, आणि हे गावाने एकत्र येऊन श्रमदानाने करावे, हा त्यांचा आग्रह होता. माती जागेवर राहिली तरच कोणते खत घालावे हा प्रश्न उरतो. आपल्या वसई पट्ट्यातही १९८०च्या दशकाच्या अखेरीस विहिरींच्या पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी जी चळवळ झाली, तिचे मर्म हेच होते. विहीर खारी झाली तर शेणखतही बाग वाचवू शकत नाही. आणि वाडीच विकली गेली तर वाद घालायला कोणी राहणारच नाही.

तात्पर्य काय? आम्हांला इतिहासातून असे दिसते की, शेणखत हा मातीचा आहार आहे. गोणीचे खत हा पिकाला द्यायचा पूरक घास आहे. पूरक घासालाच आहार समजण्याची चूक हरितक्रांतीच्या उत्तरार्धात झाली. आता आहारावरच सर्व भागेल, असे एका रात्रीत ठरविण्याची चूक आपण करू नये. विष मात्र जितक्या लवकर कमी होईल तितके बरे, कारण तेथे पहिला बळी नेहमी मजुराचा जातो.

शेवटी एक सूचना. आपल्या अनेक देवळांच्या आवारात थोडीफार जमीन असते. तेथे लॉज आणि गिल्बर्ट यांच्याप्रमाणे तीन वाफे का पाडू नयेत? एक बिनखताचा, एक कंपोस्टचा, एक माती तपासून संतुलित खत व कंपोस्ट दोन्ही दिलेला. घराघरांतला ओला कचरा आणि वेदीवरची सुकलेली फुले कंपोस्टाच्या खड्ड्यात जावीत. युवकांनी दरवर्षी पीक तोलावे, खर्च आणि मजुरीचे तास लिहावेत, माती तपासून घ्यावी. आपल्या धर्मग्रामांत बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, मृत्यूच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जातात. त्यांच्या शेजारी मातीचीही एक वही ठेवता येईल. आगेऱ्याच्या सणाला भाताची कणसे आशीर्वादासाठी आणताना त्या वर्षाचे पान देवळात वाचून दाखवावे. दहा वर्षांनी आपल्याकडे आपल्याच मातीची, आपल्याच पावसाची साक्ष असेल, आणि आपल्या मुलांना या वादात इंग्लंडच्या किंवा स्वित्झर्लंडच्या शेताचा हवाला द्यावा लागणार नाही.